लंडन लूप : बाहेरचे वर्तुळ क्रमाने चालावे की ऋतू पाहून?

पायवाट

नमस्कार. लंडनला बाहेरून वळसा घालणाऱ्या ‘लंडन लूप’ या मार्गाविषयी जाणकारांचे मत हवे आहे, म्हणून हा धागा काढतो आहे.

गेल्या वर्षी मार्च ते नोव्हेंबर या काळात मी ‘कॅपिटल रिंग’ हा आतला वर्तुळमार्ग पूर्ण चाललो. त्याची लांबी सुमारे १२६ किलोमीटर असून त्याचे १५ टप्पे पाडलेले आहेत. प्रत्येक टप्पा रेल्वे, ट्यूब (भुयारी रेल्वे) किंवा बसच्या जवळपास सुरू होतो आणि तसाच संपतो, त्यामुळे शनिवारी सकाळी डबा बांधून निघावे आणि दिवेलागणीच्या आत घरी परतावे, इतका तो सोयीचा आहे. लूप त्याच्या जवळजवळ दुप्पट म्हणजे सुमारे २४२ किलोमीटर आहे आणि त्याचे टप्पे २४ आहेत. आग्नेयेला टेम्सकाठच्या एरिथपासून तो निघतो, दक्षिण, पश्चिम आणि उत्तर असा फेरा घेतो आणि नदीच्या पलीकडच्या तीरावर पर्फ्लीटला संपतो. वाटेत बागा कमी, आणि राने, कुरणे, शेते जास्त.

हे २४ टप्पे एरिथपासून ओळीने चालावेत, की हवा आणि ऋतू पाहून सोयीचे टप्पे आधी उरकावेत, हा माझा प्रश्न आहे. माझा स्वतःचा कल ओळीने चालण्याकडे आहे, आणि त्याला कारण कॅपिटल रिंगवरचा एक अनुभव आहे.

रिचमंडहून निघणाऱ्या सातव्या टप्प्यात आपण टेम्सचा काठ सोडतो आणि ब्रेंटफर्डला ग्रँड युनियन कालव्याच्या काठाला लागतो. ब्रेंट नदी इथेच टेम्सला मिळते, आणि तिथून वर काही अंतर नदी व कालवा एकाच पात्रातून वाहतात. आठव्या टप्प्यात हॅनवेलला दोघांची फारकत होते. कालवा सहा लॉकांच्या (पाण्याची पातळी बदलून बोटी वरखाली नेणाऱ्या दरवाजांच्या) पायऱ्यांनी चढण चढून जातो आणि आपली वाट नदीचे बोट धरून व्हार्नक्लिफ पुलाच्या उंच विटांच्या कमानींखालून पुढे सरकते. दहाव्या टप्प्यात वेल्श हार्प हा मोठा जलाशय लागतो. कालव्याला पाणी मिळावे म्हणून १८३०च्या दशकात याच ब्रेंटला बांध घालून तो केलेला आहे. अकराव्या टप्प्यात हेंडनजवळ डॉलिस ब्रूक आणि मटन ब्रूक हे दोन ओढे एकत्र येतात, आणि ब्रेंट हे नाव तिथून सुरू होते. मी गेलो त्या दिवशी मटन ब्रूकला जेमतेम घोटाभर पाणी होते, आणि ओल्या दगडावर एक करडा धोबी शेपूट वरखाली हलवत उभा होता. महिनाभरापूर्वी ब्रेंटफर्डला ज्या पाण्यावर माणसांची राहती बोटघरे तरंगताना पाहिली होती, ते पाणी इथून निघाले आहे, हे त्या क्षणी समजले. मध्येच कुठला तरी एक टप्पा उचलून चाललो असतो, तर मला एक पूल, एक तळे आणि एक ओढा दिसला असता. नदी दिसली नसती.

लूपवरही असे काही असणारच. ज्यांनी तो पूर्ण केला आहे, त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

केंटकर

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी लूप दोनदा चालले आहे, पहिल्यांदा तुमच्यासारखीच हट्टाने ओळीने आणि दुसऱ्यांदा माती पाहून. दुसऱ्या खेपेला मला हा मार्ग पुष्कळ जास्त कळला, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

लंडनच्या उत्तरेला आणि ईशान्येला पायाखाली बहुतेक ठिकाणी ‘लंडन क्ले’ ही निळसर-तपकिरी चिकणमाती आहे. तिच्यातून पाणी झिरपत नाही. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत या वाटा ओल्या शाडूसारख्या होतात. बुटाला मातीचे पेंड चिकटतात आणि ताशी तीन किलोमीटरचा वेगही साधत नाही. दक्षिणेला मात्र जमीन नॉर्थ डाउन्स या टेकड्यांच्या उताराची, म्हणजे खडूच्या दगडाची आहे. खडू पाणी शोषून घेतो. आदल्या रात्री पाऊस झाला असला तरी सकाळी दहा वाजता फार्दिंग डाउन्सच्या धारेवरून कोरड्या पायांनी चालता येते. (माथ्यावर काही ठिकाणी गारगोट्या मिसळलेली चिकट माती असते आणि तिथे पाय घसरतो, एवढे लक्षात ठेवावे.) तेव्हा ऑक्टोबरात एरिथहून निघून ओळीने गेलात, तर दर महिन्याला दीड-दोन टप्पे या हिशेबाने ऐन उन्हाळ्यात तुम्ही उत्तरेला पोहोचाल आणि सगळे उत्तम होईल. पण एप्रिलमध्ये निघालात, तर डिसेंबर-जानेवारीत हॅरो वील्डपासून एन्फील्डपर्यंतच्या चिखलात सापडाल. पहिल्या खेपेला माझे नेमके तेच झाले. एका शेताच्या कडेला, दोन कुंपणांमधल्या चिंचोळ्या वाटेवर, दोनशे पावलांसाठी मला वीस मिनिटे लागली आणि पुढची गाडी चुकली.

तुमच्या नदीच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि लूपवर तो आणखी लागू पडतो. पहिले दोन टप्पे बहुतांशी क्रे नदीबरोबर जातात. एरिथहून टेम्सचा बांध, मग दलदलीची क्रेफर्ड मार्शेस, मग बेक्स्लीजवळचे हॉल प्लेस हे ट्यूडर काळातले घर, आणि पुढे फुट्स क्रे मेडोजमधला पाच कमानींचा जुना पूल. आठवा टप्पा तर एका नदीचे अख्खे चरित्र आहे. डाउन्सवर पडलेले पाणी खडूत मुरते आणि जिथे खडू संपून चिकणमाती लागते, तिथे यूवेल गावात झऱ्यांच्या रूपाने वर येते. तीच हॉग्जमिल नदी. यूवेलच्या तळ्यापासून किंग्स्टनला टेम्सपर्यंत आपण एका दिवसात तिच्यासोबत चालतो. सहाव्या-सातव्या टप्प्यात बॅन्स्टेड डाउन्सच्या खडूवरून चालून आल्यावर यूवेलचे ते स्वच्छ पाणी पाहिले, की जमीन आणि पाणी यांचा संबंध पुस्तक न उघडता समजतो.

म्हणून माझे म्हणणे असे की क्रम पाळावा, पण तो २४ टप्प्यांचा नव्हे, नद्यांचा पाळावा.

हॅरोवासी

वरील प्रतिसादाशी सहमत. उत्तरेकडच्या टप्प्यांविषयी थोडी भर घालतो, कारण मी याच बाजूला राहतो.

पंधराव्या टप्प्यात हॅरो वील्ड कॉमन, बेंटली प्रायरी आणि स्टॅनमोर कॉमन अशी सलग राने लागतात. १९४० साली ब्रिटनवरच्या हवाई हल्ल्यांच्या वेळी लढाऊ विमानांच्या दलाचे मुख्यालय बेंटली प्रायरीत होते. आज त्याच्या शेजारच्या कुरणात हरणे दिसतात. सोळावा टप्पा एल्स्ट्रीहून कॉकफॉस्टर्सला जातो. त्यात स्क्रॅचवुडचे रान संपताच वाट एकदम ए-वन या मोठ्या हमरस्त्यावर येऊन आदळते. पलीकडचे रान समोर दिसत असते, पण रस्त्याला मधोमध कठडा आहे आणि गाड्यांचा वेग भयंकर आहे. तेव्हा फुटपाथने भुयारी मार्गापर्यंत खाली जायचे, पलीकडे जायचे आणि तेवढेच अंतर परत वर यायचे. हे सर्व फार कंटाळवाणे आहे, पण कृपया कोणीही रस्ता मधूनच ओलांडू नये. मी एकदा एका गृहस्थांना तसा प्रयत्न करताना पाहिले आहे आणि तो प्रसंग मला अजून आठवतो.

खुणांविषयी : लूपची खूण घिरट्या घालणारा ससाणा आहे, कॅपिटल रिंगची खूण बाणांच्या वर्तुळातला घड्याळाचा मनोरा आहे. खांबावर पिवळा बाण असेल तर ती फक्त पायी जाणाऱ्यांची वाट, आणि निळा असेल तर घोडेस्वार व सायकलस्वारांनाही ती खुली असते. वर्दळीच्या भागात या चकत्या वरचेवर दिसतात, पण रानात एखादा खांब पडलेला असतो किंवा वेलीखाली झाकलेला असतो. म्हणून ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० प्रमाणाचा ‘एक्स्प्लोरर’ नकाशा, कागदावर किंवा फोनमध्ये, जवळ असावाच. फोनवर विसंबणाऱ्यांनी थंडीत बॅटरी लवकर उतरते, हे ध्यानात घ्यावे.

आणखी एक. सार्वजनिक पायवाट शेतातून जात असेल, तर शेतकऱ्याला ती नांगरता येते. मात्र पहिल्या नांगरटीनंतर १४ दिवसांच्या आत ती पुन्हा चालण्याजोगी करून देणे त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. वाट अडवलेली आढळल्यास तिथे हुज्जत घालत बसू नये. छायाचित्र आणि नकाशावरची जागा टिपून स्थानिक काउन्सिलला कळवावे. मी आजवर तीनदा कळवले आहे. दोनदा वाट मोकळी झाली, तिसऱ्या वेळी कुंपणाला फाटक बसले.

नवीन_पाऊल

सर्वांचे प्रतिसाद वाचते आहे. आम्हाला या देशात येऊन सहा महिने झाले आहेत. घरात सात वर्षांची मुलगी आहे आणि पुढच्या महिन्यात सासूबाई येणार आहेत; त्यांना रोज तासभर चालण्याची सवय आहे, पण चढण सोसत नाही. लूप आम्हाला झेपणार नाही, हे उघड आहे. कॅपिटल रिंगचा कुठला टप्पा घ्यावा, हे कृपया कोणी सांगेल का?

पायवाट

नवीन_पाऊल, तुमच्यासाठी बारावा टप्पा, हायगेट ते स्टोक न्यूइंग्टन. त्यातला मोठा भाग ‘पार्कलँड वॉक’चा आहे. ही एका जुन्या रेल्वेमार्गाची जागा आहे. १९५४ साली त्यावरून प्रवासी गाड्या जाणे बंद झाले, पुढे रूळ काढले गेले आणि १९८४ पासून ती सर्वांसाठी पायवाट म्हणून खुली आहे. रेल्वेची वाट असल्याने चढ अगदी हलका आहे, आणि हायगेटहून फिन्सबरी पार्ककडे गेल्यास तो उताराचाच आहे. सासूबाईंना त्रास होणार नाही. क्राउच एंडच्या जुन्या स्टेशनचे फलाट अजून जागेवर आहेत. मुलीला त्यांवरून चालू द्या. जवळच भिंतीच्या एका कमानीतून बाहेर झेपावणारा रानातल्या पिशाच्चाचा पुतळा आहे, तो तिला आधी सांगू नका, स्वतः शोधू द्या. थकवा आला तर फिन्सबरी पार्कला ट्यूब आहे. उत्साह असेल तर पुढे न्यू रिव्हरच्या काठाने क्लिसोल्ड पार्कपर्यंत जावे. नाव नवी नदी असले तरी तो १६१३ साली लंडनला पिण्याचे पाणी आणण्यासाठी खणलेला पाट आहे.

घरातले थोडे तयारीचे झाले, की मग पहिला टप्पा घ्या, वुलिचहून फाल्कनवुड. तो मराठी माणसाने चुकवू नये, असे मला मनापासून वाटते, कारण त्यात सेव्हर्नड्रूग लागतो.

दर्यावर्दी

सेव्हर्नड्रूगचा उल्लेख आला, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. हा आपला सुवर्णदुर्ग. हर्णैच्या समोर समुद्रात उभा असलेला तोच.

थोडक्यात इतिहास असा. १७५५ साली नानासाहेब पेशवे आणि मुंबईचे इंग्रज यांनी तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध हातमिळवणी केली. कंपनीच्या आरमाराचा प्रमुख विल्यम जेम्स याने समुद्रातून तोफा डागून २ एप्रिल १७५५ रोजी सुवर्णदुर्ग घेतला. करारानुसार किल्ला पेशव्यांकडे गेला आणि इंग्रजांना बाणकोट मिळाले. पुढच्याच वर्षी विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जळाले. जेम्स श्रीमंत होऊन मायदेशी परतला, सरदारकी मिळवली आणि १७८३ साली वारला. त्याच्या पत्नीने दुसऱ्याच वर्षी, १७८४ मध्ये, शूटर्स हिलवरच्या रानात त्याच्या स्मरणार्थ विटांचा एक मनोरा बांधून घेतला, आणि त्या विजयाचे नाव त्याला दिले. इंग्रजी जिभेवर ‘सुवर्णदुर्ग’चे ‘सेव्हर्नड्रूग’ झाले.

मी तिथे पहिल्यांदा गेलो, तो फेब्रुवारीतला ढगाळ दिवस होता. वुलिचच्या नदीकाठापासून टेम्स बॅरियर या पूर अडवणाऱ्या दरवाजांच्या पोलादी टोपांजवळून मेरियन पार्क, मग चार्ल्टन, मग वुलिच कॉमन असे चालत आलो. कासल वुडमध्ये शिरल्यावर पानगळ झालेल्या ओकांच्या फांद्यांमधून पिवळट-तपकिरी विटांचा मनोरा एकदम समोर आला. तो त्रिकोणी आहे आणि प्रत्येक कोपऱ्याला षट्कोनी बुरूज आहे. दारावरच्या लेखात हा किल्ला ‘मलबार किनाऱ्यावर’ असल्याचे म्हटले आहे, कारण त्या काळी कंपनीचे लोक सगळ्या पश्चिम किनाऱ्याला सरसकट मलबार म्हणत. लेखात तुळाजीचे नाव नाही आणि पेशव्यांचेही नाही. ते वाचून मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. आपल्या माणसांच्या आपसातल्या वैराचे फळ कोणाच्या पदरात पडले, हे इतक्या दूर, एका शांत रानात, विटांत बांधून ठेवलेले आहे. २०१४ साली दुरुस्तीनंतर मनोरा पुन्हा खुला झाला असून ठरावीक दिवशी वर जाता येते. वरून लंडन चारही बाजूंनी दिसते.

मनोऱ्यापासून वाट ऑक्सलिस वुडमध्ये उतरते. तेही मन लावून पाहावे. हिमयुगानंतर उगवलेल्या रानांपैकी लंडनच्या इतक्या आत टिकून राहिलेली जी थोडी राने आहेत, त्यांपैकी हे एक. टेम्सवरच्या एका नव्या पुलाचा जोडरस्ता याच रानातून नेण्याची योजना होती. स्थानिक लोकांनी अनेक वर्षे विरोध केला आणि १९९३ साली सरकारने ती योजना सोडून दिली. तुम्ही ज्या वाटेने चालाल, तिच्यावरून आज मोठा रस्ता गेला असता.

रानवाटा

दर्यावर्दी, प्रतिसाद फार आवडला. राने टिकली ती कोणीतरी भांडले म्हणून, हा धागा लूपवरही सलग दिसतो, आणि त्यासाठी अठरा ते वीस हे टप्पे मी ओळीने चालण्याचा आग्रह धरीन.

चिंगफर्डला एपिंगचे रान सुरू होते. इथल्या हॉर्नबीम झाडांकडे जवळून पाहा. खोड माणसाच्या उंचीच्या थोडे वर जाते आणि तिथे एकाएकी गाठाळ, फुगीर होऊन त्यातून दहा-बारा जाड फांद्या हाताच्या बोटांसारख्या वर निघतात. शेकडो वर्षे आसपासचे गावकरी सरपणासाठी या फांद्या त्या उंचीवर छाटत. त्याच्या खाली छाटले, तर नवे कोंब गुरे खातात, म्हणून ती उंची. लाउटन गावात हा हक्क ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून २३ एप्रिलपर्यंत असे. जमीनमालकांनी रानाला कुंपणे घालायला सुरुवात केल्यावर थॉमस विलिंगेल या गावकऱ्याने आणि त्याच्या घरच्यांनी हक्क सोडायला नकार दिला, त्यापायी घरातल्यांना तुरुंगातही जावे लागले. हे भांडण न्यायालयात आणि पार्लमेंटात गेले आणि १८७८ साली एपिंग रानाचा कायदा झाला. रान सिटी ऑफ लंडनच्या ताब्यात आले आणि ते कायम उघडे, बिनकुंपणाचे ठेवायचे असे ठरले. मात्र छाटणीचा हक्क संपला. त्याची भरपाई म्हणून लाउटनला लोकांसाठी एक सभागृह बांधून दिले गेले, ते लॉपिंग हॉल या नावाने आजही उभे आहे. छाटणी थांबल्यानंतर वाढलेल्या त्या फांद्या आता खोडाला पेलवत नाहीत. जोराचा वारा असेल, त्या दिवशी या झाडांखाली थांबू नये.

याउलट शेजारचे हेनॉल्टचे रान. १८५१ साली त्याचा राजरानाचा दर्जा काढून घेतला गेला आणि बहुतेक झाडे मुळासकट उपटून तिथे शेते केली गेली. विसाव्या टप्प्यात चिगवेलकडून चढून आल्यावर त्या रानाचा जो उरलेला तुकडा लागतो, तोही १९०६ साली लोकांसाठी विकत घेऊन राखला, म्हणून आहे. एपिंगहून थेट हेनॉल्टला चालत गेले, की एक वाचलेले रान आणि एक गेलेले रान लागोपाठच्या टप्प्यांत दिसते. हेनॉल्टचे काय झाले, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते, म्हणूनच एपिंगसाठी ते इतके झगडले.

केंटकर

रानवाटा यांनी फार महत्त्वाचे लिहिले आहे. हिवाळी टप्प्यांबाबत दोन गोष्टी राहून गेल्या होत्या.

डिसेंबरात लंडनला सूर्य दुपारी चारच्या आत मावळतो आणि झाडीत त्याच्या अर्धा तास आधी अंधारते. म्हणून हिवाळ्यात नऊला चालायला सुरुवात करावी आणि तीनपर्यंत स्टेशन गाठावे. माझ्या पहिल्या फेरीत एका संध्याकाळी खांबावरची खूण चुकली, आणि ज्या रानाला मी अर्ध्या तासाचे समजत होते, त्यातून बाहेर पडायला दीड तास लागला. तेव्हापासून कपाळावर बांधायचा दिवा पिशवीत कायम असतो, जूनमध्येसुद्धा.

दुसरी गोष्ट गोचिडांची. उंच गवतातून आणि नेच्यांतून चालल्यावर घरी येऊन गुडघ्यामागे, काखेत, कमरेपाशी बारकाईने पाहावे. गोचीड चिकटलेली आढळली, तर तेल वगैरे न लावता बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढून काढावी. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारे लाल वर्तुळ दिसले, तर डॉक्टरांना लगेच दाखवावे. तो लाइम आजार असू शकतो. मुलांचे पाय झाकलेले असावेत. कॅपिटल रिंगचा सहावा टप्पा रिचमंड पार्कमधून जातो, तिथे ही काळजी विशेष घ्यावी. त्याच बागेत सहाशेहून अधिक हरणे आहेत. त्यांच्यापासून किमान ५० मीटर दूर राहावे. सप्टेंबर-ऑक्टोबरात नर माजावर असतात आणि मे ते जुलै माद्यांजवळ पाडसे असतात, तेव्हा हे अंतर आणखी वाढवावे.

पायवाट

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले आणि नकाशा पसरून बसलो. माझा मूळ आग्रह मी सोडतो आहे, किंवा असे म्हणतो की केंटकरांनी त्याला योग्य ठिकाणी वळवले आहे.

आता बेत असा आहे. जानेवारी ते मार्च खडूचे टप्पे, म्हणजे तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत, वेस्ट विकम, हॅम्सी ग्रीन, हॅपी व्हॅली, फार्दिंग डाउन्स, बॅन्स्टेड या ओळीने, आणि लगेच आठवा, म्हणजे डाउन्सचे पाणी यूवेलला वर येताना आणि किंग्स्टनला टेम्सला मिळताना पाहता येईल. तिसऱ्या टप्प्यात केस्टनजवळ विल्बरफोर्सचा ओक आहे. १७८७ साली तिथे बसून पंतप्रधान पिटशी बोलताना विल्बरफोर्स या खासदाराने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पार्लमेंटात आवाज उठवायचे ठरवले. तिथे थोडे थांबायचे आहे. एप्रिलच्या शेवटी पुन्हा मागे येऊन क्रे नदीचे पहिले दोन टप्पे, कारण तेव्हा पेट्स वुडच्या बाजूला ब्लूबेलची निळी फुले असतात. मे-जूनमध्ये क्रेन नदी, ग्रँड युनियन कालवा आणि कोन नदीचे खोरे, नववा ते तेरावा. जुलै ते सप्टेंबर सगळी चिकणमाती, हॅच एंड, एन्फील्ड, एपिंग आणि हेनॉल्टसह. त्यात अठरा ते वीस सलग तीन शनिवारी, रानवाटा म्हणतात तसे. शेवटचा चोविसावा टप्पा, रेनम ते पर्फ्लीट, नोव्हेंबरात.

हॅपी व्हॅलीच्या कुरणातली ग्रेटर यलो-रॅटल ही दुर्मिळ पिवळी फुले मात्र हिवाळ्यात दिसणार नाहीत. त्यासाठी जूनच्या अखेरीस पाचवा टप्पा पुन्हा एकदा चालेन.

एकच शंका उरते. लूप पूर्ण वर्तुळ होत नाही. एरिथ आणि पर्फ्लीट यांच्यामध्ये टेम्स आहे आणि तिथे पूल नाही, होडी नाही. ज्यांनी मार्ग पूर्ण केला, त्यांनी शेवट कसा केला?

हॅरोवासी

पर्फ्लीट स्टेशनवरून गाडीने लंडनला परत, सगळे तसेच करतात. पण गाडी पकडण्याची घाई करू नये. रेनमपासूनची वाट नदीच्या बांधावरून जाते. चिखलात रुतलेल्या काँक्रीटच्या जुन्या बोटी दिसतील. त्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या आहेत. पुढे रेनम मार्शेस हे पक्ष्यांसाठी राखलेले दलदलीचे क्षेत्र आहे. तिथे पूर्वी सैन्याचा गोळीबाराचा सराव चाले, आणि २००६ पासून ते लोकांना खुले आहे. नोव्हेंबरात टिटव्यांचे मोठे थवे तिथे उतरतात. भरती-ओहोटीच्या वेळा पाहून ओहोटीला जा, म्हणजे उघड्या पडलेल्या चिखलावर पाणपक्षी जवळून दिसतील.

मी बांधावर थांबून पलीकडे पाहिले, तेव्हा एरिथचा लांब धक्का पाण्यात शिरलेला दिसला. दीड वर्षापूर्वी मी त्या धक्क्यापासून चालायला सुरुवात केली होती. दुर्बीण असेल तर सोबत ठेवा.